ठाऊक असलेले शब्द

खसबच्या मागच्या कड्यावर आमचा मनोरा.
समोर अडतीस किलोमीटर पाणी, पलीकडे तेलाचा प्लॅटफॉर्म,
त्याच्या तबकडीकडे आमच्या तबकडीचं तोंड.
उन्हाळ्यात वारा पडला की
समुद्रावर गरम हवेची साय धरते
आणि लहर त्या सायीखाली अडकून भलतीकडेच जाते;
मग समोरच्या किनाऱ्यावरचं कुठलंसं इराणी स्टेशन
आमच्या कानात बोलायला लागतं.

दादकरीम हे तक्ता न बघता सांगतो.
तबकडीवरचं मीठ गोड्या पाण्याने पुसतो,
मनगटाची पाठ हवेत धरतो, म्हणतो,
मॅडम, आज नऊनंतर खाली या.
खाली या म्हणजे
दर ठोक्याला आठ बिटं पाठवताय, दोनच पाठवा.
थोडं, पण पोचेल असं.

त्याच्या मनगटाचा प्रोग्राम लिहायला बसलेय, सात महिने झाले.
मागच्या तासाची पातळी, दमटपणा, भरती,
त्यावरून पुढच्या दहा सेकंदांचा अंदाज.
दहाच. त्यापुढचं मी बोलत नाही.
पलीकडून हवा बरी असल्याचा निरोप येईस्तोवर
ती हवा जुनी झालेली असते.

हवा मोजायची रीत तशी साधी:
दोघांनाही आधीच पाठ असलेला शब्द मधेमधे पाठवायचा.
त्यात बातमी काही नसते.
तो किती वाकून आला, एवढंच बघायचं.

रात्री सांगलीला, होस्टेलवर, निमिषला फोन.
जेवलास का?
हो.
काय होतं?
नेहमीचंच.
मेसचा मंगळवार मला पाठ आहे, मटकी.
मी मटकीसाठी विचारत नाही.

आज तो हो दोनेक डेसिबल खाली होता,
शेवटाशी किंचित चिरलेला.
आवाज फुटायचं वय. असेलही.
प्रोग्रामला वय कळत नाही,
मला कळतं ते फोनवरून जेवढं येतं तेवढंच.
चाचणीचे मार्क विचारायचे होते,
वर्गशिक्षिकेची चिठ्ठी, ती गणिताची वही,
जिभेवर सगळं तयार, आठ बिटांचं लांब वाक्य.
गिळलं. म्हटलं,
झोप लवकर. मच्छरदाणी लाव.

मग नुसता पंख्याचा आवाज. कुणाची तरी बादली.
खाली दादकरीम जनरेटरला डिझेल घालत होता.
तुटला म्हणून मी बटणाकडे बोट नेलं

तर म्हणाला, आई, तिकडे किती वाजले?

दीड तास मागे. चार वर्षं झाली,
हा हिशेब त्याला झोपेतसुद्धा येतो.
साडेआठ, म्हटलं मी,
आणि म्हणता म्हणता ऐकू आलं
की हे त्याला ठाऊकच आहे.
माझं साडेआठ त्याच्याकडे कसं पोचलं असेल,
किती वाकून.

बरं, म्हणाला.

नऊला प्रोग्राम सांगत होता, आठ चालतील.
मी हाताने दोनवर आणलं.