बिनमापाचं कापड

गॅदरिंगला आठ दिवस असताना तेलरांधे सर दुकानात आले,
काखेत मांजरपाटाचा गठ्ठा.
"रोमचं नाटक बसवून राह्यलो, पुंडलिकभाऊ.
सम्राट एक, सरदार चार, गुलाम एक."
मी गळ्यातला टेप काढला.
"याले माप नसते," सर म्हणाले,
"बारा हात कापड अंगाभोवती गुंडाळायचं,
डाव्या खांद्यावरून सोडायचं.
टाका नाही, गुंडी नाही, काज नाही."

तीस वर्षं मशीन मारतो आहे मी बोरखेडीत.
एवढं मोठं राज्य शिंप्यावाचून चाललं,
हे पहिल्यांदाच ऐकलं.

सर सांगत गेले, मी खर्रा घोटत गेलो.
निवडणुकीला उभा राहणारा म्हणे कापडाला खडू चोळायचा,
चारचौघांत उजळ दिसावा म्हणून.
(बाकावरचे माजी सरपंच
आपली कडक बाही उगाच झटकू लागले.)
जांभळा काठ मानाच्या माणसाला,
हजारो समुद्री गोगलगायी पिळाव्या
तेव्हा कुठं बोटभर रंग.

आमच्याकडं समुद्र कुठला.
गुरांच्या दवाखान्यातून जांभळ्या औषधाची शिशी आणली,
जुवानं सोललेल्या खांद्याला लावतात ती.
सम्राटाचा काठ रंगवून बाहेर वाळत घातला
तर समोर वांदिल्यांचा बैल उभा,
तोच रंग खांद्यावर घेऊन.

"अन् गुलामाले?"
"त्याले साधा अंगरखा. दोन तुकडे,
खांद्यावर जोडलेले, बगलेत जोडलेले."
म्हणजे टाका आला.
अख्ख्या रोममध्ये मला काम दिलं
ते एकट्या गुलामानं.

मापाला आला धनसिंग उईके, सातवीतला.
छाती सव्वीस, खांदा अकरा,
गळ्यात काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत.
"हा काढा लागते," सर हळूच म्हणाले,
"तिथं ताईत मोकळ्या माणसाच्या पोरालेच.
गुलामाच्या गळ्यात कसा चालंन?"
पोट्टं बोललं नाही. ताईत मुठीत धरून
मशीनच्या पायट्याकडं पाहत राहिलं.

इतिहास मी शिकलो नाही.
त्या रात्री अंगरख्याला आतून, डाव्या बगलेखाली
एक चोरखिसा लावला,
दीड बोटाचा.

नाटकात सम्राटाचं कापड दुसऱ्याच प्रवेशात सुटलं.
दोन्ही हातांनी ते धरून ठेवताना
हुकूम द्यायला बोट उचलता येईना.
धनसिंग पाण्याचा तांब्या घेऊन आला,
ताठ, डावा हात अंगाशी घट्ट.

"हा असा कायले चालून राह्यला?" सरांनी विचारलं.
मी म्हटलं,
"बगलेत जरा तंग झालं, सर."