काटा

धक्क्यावर खोबऱ्याची पोती तोलणारा जुना काटा
यंदा शाळेत आला.
गंज घासला, साखळीला झोपाळ्याची फळी बांधली,
आणि पोरांची रांग लावली.

वावाऊ बेटावरची आमची शाळा,
समुद्र इतका जवळ
की भरतीच्या दिवसांत खडू फळ्यावर उमटत नाही.
नर्स कालोलाइने राजधानीहून बोटीनं आलेली,
तिच्याजवळ तक्ता: हिरवा, पिवळा, लाल.
मी गणिताचा मास्तर,
आकडे मांडणं माझ्याकडे.

लोपेती फळीवर बसला,
साखळी करकरली,
मागून कुणी डुकराचा आवाज काढला.
नऊ वर्षांचं पोर.
त्यानं श्वास रोखून पोट आत घेतलं,
जणू हवेचंच काय ते वजन.

मी लिहिलं. लाल.
रडला नाही. उतरताना एवढंच म्हणाला,
"सर, हा काटा फक्त आम्हालाच मोजतो?"

आमच्या टोंगात ज्यांचं वजन असतं
त्यांना फळीवर कोण बसवणार?

पुढच्या शनिवारी बोट लागली.
गणिताचा तास मी धक्क्यावर घेतला.
मेंढीच्या चरबट फासळ्यांचं गोठलेलं खोकं: वीस किलो.
अशी एकतीस.
लाल सरबताच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून
पोरांनी साखर वाळूनं मोजली,
ओंजळी पुरेनात.
आणि त्याच बोटीत, बर्फात निजलेला,
आमच्याच पाण्यातला मासा चढत होता
दुसऱ्या कुणाच्या ताटासाठी.
"तो लिहू नका," खलाशी म्हणाला,
"तो जाणारा माल आहे."
लोपेतीनं लिहिला.

दुकानदारीण आना म्हणाली, बोट आणते ते मी विकते.
खलाशी म्हणाला, दुकान मागतं ते आम्ही आणतो.
पाद्रीबाबा सेमिसी म्हणाले,
देवाच्या घरच्या जेवणावळीत हात आखडायचा का?
लोपेतीची आई वासेती काहीच बोलली नाही.
ती पहाटे पाचाला हॉटेलातल्या चादरी धुवायला जाते,
तिच्या अंगणापलीकडचं अळकुड्यांचं शेत
आता हॉटेलचं आहे.
शाळेची चिठ्ठी तिनं चार घड्या घालून
कमरेच्या चटईत खोचली होती.
'आपल्या पाल्याच्या आहाराकडे लक्ष द्यावे.'
अक्षर माझंच.

सगळं तोलून झालं.
मी म्हटलं, वही दे.
"थांबा सर, एक राहिलं."

त्यानं दप्तरातून काढली
नूडल्सची रिकामी पाकिटं, रबर लावून जपलेली.
पाढा न अडखळता म्हणणाऱ्याला
मी दर शुक्रवारी एक द्यायचो.
सगळ्यात आधी पाढे याचे पाठ होत.
सदतीस.
काट्यावर ठेवली तर काटा हललाही नाही.
तो म्हणाला, "भरलेली असताना
एकेक पंच्याऐंशी ग्रॅमचं होतं,"
आणि गुणाकार केला. बरोबर केला.

दोन महिने झाले.
लोपेती होता तेवढाच आहे,
त्याच्या नावापुढचा रंग बदललेला नाही.
आना बाटल्या आता मागच्या फळीवर ठेवते,
पाद्रीबाबा माझ्याशी बोलत नाहीत,
शुक्रवारी मी पाढ्याला पेन्सिल देतो
आणि पोरं तोंड वाकडं करतात.

फळी मात्र सोडून टाकली.
काट्याला नुसता आकडा लोंबतोय,
खाली वही घेऊन तो उभा असतो.
पहिल्या पानावर, मेंढीच्या खोक्यांच्याही वर,
त्यानं माझं नाव लिहिलंय.
पुढे: तीन किलो, एकशे पंचेचाळीस ग्रॅम.