आत ओढलेलं हो

उमेओत 'हो' म्हणत नाहीत,
'हो' आत ओढतात.
ओठांचा चंबू, आणि एक बारीक भुरका;
फक्त बशी नाही, चहाही नाही.

पहिल्यांदा ऐकलं ते घरांच्या कचेरीत.
विचारलं, तिसरा मजला चालेल, मिळेल का?
खिडकीतल्या बाईंनी असा श्वास घेतला
की मला वाटलं, मी काही भलतंच बोललो.
माफी मागितली.
त्यांनी किल्ली दिली.

बायको प्रयोगशाळेत शेवाळं मोजते.
माझ्या नावावर गुरुवार, पाच ते आठ,
तळघरातलं धुलाईघर,
फळीवर माझ्या क्रमांकाचं एक छोटं कुलूप.
दुसऱ्याच आठवड्यात यंत्रावर चिठ्ठी:
'जाळीतला कापूस काढावा.
मैत्रीपूर्वक नमस्कार.'
खाली नाव नाही.
कोश घेऊन शब्द शब्द लावला.
या भाषेत मला आलेलं ते पहिलं पत्र,
म्हणून फ्रिजवर चिकटवलं.

इथे घराबाहेर पडण्याआधी
दाराला कान लावतात,
जिन्यात कुणी नाही ना.
मला आधी हसू यायचं, आता मीही लावतो.
समोरच्या दारामागे गुनवोर बाई उभ्या असतात,
हे मला कळतं,
त्यांनाही कळत असणार.
आधी तुम्ही, आधी तुम्ही,
असं दोन बंद दारं एकमेकांना म्हणत राहतात,
आणि कधी दोघांचाही धीर एकदमच सुटतो.
मग जिनाभर हवामान.

वर्गात माझ्या शेजारी तेक्लाय बसतो, अस्माराचा.
तिकडे तो पूल बांधायचा.
म्हणतो, या भाषेत मी पाच वर्षांचा आहे रे,
पण कुणी कडेवर घेत नाही.
बाईंनी विचारलं, काय कुजबुज चाललीय?
आम्ही दोघंही म्हणालो, हवामान.

नोव्हेंबरात माझा डावा हातमोजा हरवला.
दुसऱ्या दिवशी तो बसथांब्याजवळच्या कुंपणावर,
कुणीतरी खुंटीवर नीट चढवलेला,
उत्तर येणाऱ्या पोरासारखा हात वर करून.
मी नवी जोडी घेऊन बसलो होतो.
काढून घ्यायला हवा होता.
पण रोज आठ क्रमांकाच्या बसमधून
मला हात करणारं
दुसरं कोणी नव्हतं.

दोन वाजता अंधार.
सगळ्यांच्या कोटांवर चमकते बिल्ले लोंबतात,
माणूस दिसत नाही, बिल्ला चालत येतो.
आणि रस्त्यावर टाकलेली ती खडी,
बुटांतून घरात, मोज्यांतून अंथरुणात.
एकदा डाळीतही दाताखाली आली;
बायको म्हणाली, आता आपण इथले.

मार्चमध्ये ताईचा फोन आला.
जेवलास का, झोपतोस का, थंडी कमी झाली का?
मी उत्तरं देत होतो.
मध्येच ती थांबली.
'जिना चढतोयस का रे?
दर वेळी दम का लागतोय तुला?'
मी खुर्चीत बसलो होतो.

आणि परवाचा गुरुवार.
झाडूचं यंत्र रस्त्यावरची खडी गोळा करत होतं,
तळघरात त्याची घरघर.
मी कपडे भरत होतो, तोच दारात गुनवोर बाई.
दुसऱ्याच्या वेळेत इथे कोणी पाऊल टाकत नाही.
हातात एक चादर. एकच.
म्हणाल्या, सिक्स्तेन गेल्यापासून
अर्धं यंत्रसुद्धा भरत नाही.
पाणी फुकट जातं.
तुमच्या कपड्यांत चालेल का?

दोघांच्या अंथरुणाची मोठी चादर,
उजवीकडे झिजून जाळी झालेली,
डावीकडे घडीसुद्धा मोडलेली नाही.

मला शब्द येत होते.
'अवश्य' येत होतं, 'आनंदाने' येत होतं,
ताईला सांगतात तसं 'अगं, विचारतेस काय' येत होतं,
त्याला मात्र इथे शब्द नाही.
मी श्वास आत ओढला.

त्यांनी चादर माझ्या सदऱ्यांवर ठेवली.
मग खाली वाकून
सवयीने
जाळीतला कापूस काढला.