बाणातला ण

प्रमिला हेडाऊ, राहणार गोळीबार चौक,
फ्लॉप्या घेऊन आली स्टीलच्या डब्यात.
बारा. मधे मधे कापराच्या वड्या,
कसर लागू नये म्हणून.
"बाबानं मागावरचं लिहून ठेवलं होतं. कोनी उघडून देत नाही."

बर्डीतलं माझं दुकान तळघरात.
पाटीवर डेटा रिकव्हरी,
येतात ते बहुतेक पाण्यात पडलेले मोबाइल.

ड्राइव्ह शनिचरीत मिळाला, दोनशेला,
एका मिक्सरच्या भांड्याखाली.
सात वाचल्या. चार नुसत्या खरखरल्या.
एकीवर बुरशी, नखाएवढी, गोल.
फाइलच्या नावात तेव्हा आठ अक्षरं मावत.
त्यानं सहाच वापरली होती, इंग्रजी:
सगुना, की सगुणा,
इंग्रजीला त्यानं काही फरक पडत नाही.

उघडली तर आत
टोप्या घातलेले परके स्वर,
पौंडाच्या खुणा, तापमानाचे अंश.
फॉन्ट नसला की मराठी अशी दिसते,
ताप डोक्यात गेलेल्या माणसाच्या बडबडीसारखी.

कंपनी कधीच बंद झाली.
तिच्या सॉफ्टवेअरला कुलूप लागतं,
काड्यापेटीएवढं, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं.
धंतोलीतले बोकडे अजून त्यावरच पत्रिका छापतात.
लग्नसराई. दिवसा कसे देणार?
"रातभर ने, पन सकाळी नऊले पायजे.
अन् पंख्याखाली ठेव, गरम होते ते."

कूलरची टाकी काठोकाठ भरून बसलो.
अक्षरं उमटली.
पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच येऊन उभी,
तेव्हा तशीच टाइप व्हायची.
आता ती मागून येते आणि पुढे दिसते.
एकेकीला उचलून जागेवर बसवलं.
रफार शोधले. जोडाक्षरांचे मोडके पाय जुळवले.
हळूहळू वाक्य लागलं:

*खळीचं पानी लय उकळू देऊ नये.*
*धोटा अडला तं आधी आपला हात पाहा.*
*ताना ओढताना कोनाशी भांडू नये, सुताले समजते.*

पानी. ताना. कोनाशी.
म्हटलं, रूपांतरात ण गळला.
होतं असं, एखादा आकडा सरकतो
आणि एक अख्खं अक्षर गावातून उठून जातं.
मी धरमपेठेतला, आई शाळेत मराठीची,
जेवणाच्या टेबलावर लाल शाईची बाटली.
दोन रात्री बसून अकराशे ण परत आणले.
एकेक. हाताने. जरा अभिमानानेच.

तिसऱ्या रात्री ताळा करायला मूळ फाइल काढली,
ण चा आकडा शोधला.
सापडला.
एक.

*किनारीचा रंग सगुणानं ठरवला. मी निसतं विनलं.*

म्हणजे कळ चालू होती.
ती कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं.
रेशनकार्डावर जसं असेल तसं
बायकोचं नाव नीट लिहिलं त्यानं,
बाकी सगळं बोलला.

बोकडे "पन" म्हणाले होते.
प्रमिला "कोनी" म्हणाली होती.
मी ऐकलं होतं की.
दुरुस्त करूनच ऐकलं होतं.

साडेआठ. शोधा आणि बदला: सगळे ण, न.
एका झटक्यात अकराशे गेले,
त्यात सगुणाही गेली.
परत तिथे उतरलो,
एका बोटाने तेवढा एक ण ठेवला,
कुलूप रुमालात गुंडाळून धंतोलीला निघालो.

संध्याकाळी प्रमिलाने उभ्यानेच वाचलं.
ओठ हलत होते, आवाज नाही.
मग डब्यातल्या उरलेल्या पाचांकडे बघून विचारलं,
"यायच्यात काय असन?"
मला सांगता आलं नाही.

बिल केलं. फ्लॉप्या सात.
पुढे एकोणचाळीस पानं
लिहिताना पेन थांबलं,
न वर.