गरम झाल्यावर

सकाळी थंड इंजिनावर काटा बरोबर मध्यावर उभा,
शहाण्या पोरासारखा.
अण्णाप्पा कुंभोजे म्हणाला, बघा की, काय झालंय ह्याला?
दस्तगीर मिस्त्री म्हणाला, गरम होऊ दे.

उद्यमनगरात तोवर भट्ट्या पेटल्या होत्या,
कोपऱ्यावरच्या लेथचा पट्टा फटफटत होता.
गाडी स्लो रनिंगला सोडून आम्ही चहा पीत बसलो.
जुनी बारा-दहा, दारावर बाहुबलीचं चित्र, गुडघ्यापर्यंत उडालेलं,
रिकाम्या हौद्यात गुळाचा वास आणि चार माश्या.
तीस वर्षं ही गूळ घेऊन गगनबावडा उतरते
आणि जांभ्याचा चिरा घेऊन चढते.

दुसऱ्या चहाला काटा झुकला.
तिसऱ्याला पडला.

‘मीटर खराब हाय,’ अण्णाप्पा म्हणाला.
सगळे हेच म्हणतात. मीटरच खराब असावं
असं मलाही वाटलं.
म्हणून सेंडर काढून आमचा पितळी गेज लावला.
त्याची काच फुटलीय, पण त्यानंही तेच सांगितलं.

मग मिस्त्रीनं लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला.
पूर्वी तो मूठ कानाला लावायचा.
आता डावा कान गेलाय, उजवा अर्धा,
म्हणून टोक ब्लॉकला टेकवून मूठ दातांत धरतो.
खालचे चार उरलेत. तेवढे बास, म्हणतो.
डोळे मिटून एकेक मेनपाशी वाकत गेला,
तिसऱ्यापाशी थांबला.
तू कानानं ऐक, म्हणाला.
मी ऐकलं:
लांब कुठल्या तरी घराच्या दारावर
कुणीतरी बोटाच्या पेरानं टकटक करतंय,
त्याला काही घाई नाही.

चेंबर उतरवला.
ऑईल काळं आणि काकवीसारखं दाट.
काटा वर राहावा म्हणून दोन वर्षं
अण्णाप्पा जाडं ऑईल ओतत होता, बोलला नव्हता.
टॉर्च मारली तर तेलात चमचम,
हुपरीच्या चांदीवाल्याच्या केरात असते तशी.
तो केर तरी विकता येतो.

तिसरं बेअरिंग हातावर घेतलं.
पांढरा थर गेलेला, खाली तांबं उघडं.
मिस्त्रीनं क्रँकवर अंगठ्याचं नख फिरवलं.
अडकलं.
जरा सरकून परत फिरवलं. परत अडकलं.
मायक्रोमीटर मी लावला:
दहा, वीस, तीस, चाळीस, सगळे कट घेऊन झालेले,
आता चाळीसच्याही खाली.
घासायला काही शिल्लक नाही.

रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली
तर तिच्या बुडाशी एक वायसर निघाला, बटणाएवढा.
कंपनी तिथं वायसर घालत नाही.
मी म्हटलं, कुठल्या गाढवानं घातलाय,
प्रेशर फुगवून दाखवायला?
मिस्त्री रॉकेलच्या ताटात हात धूत होता.
मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

‘मीच,’ म्हणाला. ‘ह्याच्या बाऽसाठी.
गुऱ्हाळं सुरू व्हायची होती, पोरीचं लगीन ठरलेलं.
म्हणाला, मिस्त्री, एवढा एक सीझन काढून दे.
बारा काढले त्यानं.’

अण्णाप्पा टायरवर बसला.
बहिणीचं लग्न त्याला आठवत असणार;
तो तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल,
ह्याच हौद्यात बसून गेला असेल वऱ्हाडाबरोबर.
बराच वेळ तो दारावरच्या चित्राकडं बघत होता.
मग हळू विचारलं,
‘परत घालता येईल?’

ह्या खेपेला मिस्त्रीला खरंच ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.
ताटातलं रॉकेल त्यानं हलवलं, थेंब झटकले,
आणि माझ्याकडं बघितलं.
अण्णाप्पानंही.

वायसर माझ्या तळहातावर होता,
अजून कोमट.