दहिवराचं वजन

पाटणबोरीच्या रस्त्याला, जिनिंगवर,
एकोणीस हंगाम मी काट्यावर बसतो.
भरली गाडी, रिकामी गाडी,
मधला फरक कापूस.
आकडा दिसतो, पण मी तो बघत नाही;
बोटं आपली चिठ्ठी फाडतात.

पुसाचा महिना. रात्री दोनला
सरकीचा ट्रक आदिलाबादकडे गेला,
काटा शून्यावर आला, माझी मान छातीवर.
साडेपाचला जाग आली तर
लाल अक्षरात
दहा.

लंगडं कुत्रं असेल, निजतं कधी तिथं.
पण ते पंधरा भरतं, मला ठाऊक आहे.
शून्याचं बटण बोटाशीच होतं.
दाबलं नाही, का कोण जाणे.
बॅटरी घेऊन बाहेर गेलो.

पाट्यावर कोणी नव्हतं.
साठ फूट लोखंड, आणि त्याच्या
घासून गेलेल्या नक्षीवर, नटबोल्टांवर,
टायरच्या चिखलावरसुद्धा
थेंब. एकाला एक चिकटून, उजेडाची वाट पाहत.

शालिकला हाक मारली.
मिशीत रुई घेऊन आला तो गंजीवरून.
"काय झालं बे? चोरी?"
"दहिवर. दहा किलो पडलं."
"दहिवराले कुठं वजन रायते?"
मग त्यानं आकडा पाहिला,
मग वर, बराच वेळ,
हमालानं पाहावं तसं:
कोण उतरवून गेलं हे,
अन् पाठ कशी नाही दुखली त्याची?

चिठ्ठीमागं मी हिशेब मांडला.
एकराला सव्वासात क्विंटल.
एवढा कापूस औंदा कोणाला झाला?
आणि तुरीवर किती, बाभळीवर किती,
गोठ्याबाहेर बांधलेल्या म्हशीच्या पाठीवर?
रोज रात्री एवढा माल येतो
आणि मी घोंगडीत.

चिठ्ठी काढली.
गाडी नंबर: रेघ.
माल: दहिवर.
निव्वळ: दहा.
शालिकनं हमालीच्या रकान्यात
हसत हसत अंगठा दाबला.

उन्हं बॉयलरच्या चिमणीवरून उतरली.
दहाचे पाच झाले.
पाच बराच वेळ टिकलं,
मग गेलं.
सकाळपाळीचा गजभिये विचारत होता,
"रात्री काही?"
"काही नाही," म्हटलं.

चिठ्ठी खिशातच राहिली.
मंदानं शर्टासोबत धुतली ती, पिळली,
दोरीवर टाकली.
बाही ठिबकत होती अंगणात.
"पावणेतीनशे ग्रॅम," मी म्हटलं.
"काय?"