घडीतला प्रांत

खोका आला एकोणनव्वदच्या मे महिन्यात,
पुरुषोत्तम डेकाटेच्या मामाच्या बॅगेतून,
साबणाच्या वड्या आणि एका बिघडलेल्या कॅमेऱ्यासोबत.
झाकणावर पूल, पुलाखाली धुकं,
आणि कंदील धरलेली एक बाई, आपल्याकडे पाठ करून.
आम्ही पाच जण, अजनीच्या रेल्वे क्वार्टरात.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास.
बाहेर शेहेचाळीस.

इंग्रजी अर्धंच कळायचं.
उरलेलं अर्धं आम्ही बसवलं.
मुलुखाचं नाव ऑस्कमोर.
तिथले वॉर्डन म्हणजे नेमके कोण
यावर दोन दिवस भांडण झालं.
इर्शादचे अब्बा सेमिनरी हिल्सला वनखात्यात,
म्हणून ऑस्कमोरचे वॉर्डन खाकी घालतात
आणि सायकलवर येतात.
अजूनही.

वीस बाजूंचा फासा एकच होता.
पहिल्याच आठवड्यात तो खिडकीतून नालीत गेला.
सीताबर्डीवर दुकानं पालथी घातली.
एक जण म्हणाला, ‘सहा बाजू पुरून नाही राहिल्या का बे तुम्हाला?’
मग निळकंठ भोयरनं,
तो तेव्हा हिंगण्याला अप्रेंटिस,
जेवणाच्या सुटीत पितळेचा एक घासून आणला.
आकडे हातानं कोरलेले.
जड, जरा तिरपा,
सतरा जरा जास्तच पडायचे.
म्हणून आमच्या ऑस्कमोरात सतराला देव मानतात,
त्याचं देऊळ आहे, त्याची जत्रा भरते.
खोक्यातल्या पुस्तकात यातलं काही नाही.

सत्त्याण्णवला नवी आवृत्ती निघाली.
कंपनीनं अख्खं वेलिंथ शहर समुद्रात बुडवलं होतं,
पान बारा, दुसरा परिच्छेद.
वेलिंथमध्ये आमचं घर होतं.
क्लेमेंटनं तिथे खानावळ काढली होती, उधारीची वही होती तिची.
आम्ही हात वर करून ठराव केला :
असं झालेलं नाही.
पाच विरुद्ध शून्य.
डेकाटेनं ते पुस्तक मिटलं
आणि वर तर्रीपोह्याची प्लेट ठेवली.
डाग अजून आहे.

पुढे जे व्हायचं ते झालं. मस्कत, पुणे,
माझी बँक, इर्शादची शुगर.
तरी मे महिन्यात चार दिवस आम्ही येतोच.
बायको म्हणते, पस्तीस वर्षं झाली,
त्या पुलापलीकडे काय आहे ते एकदाचं पाहून का घेत नाही?
मी म्हणतो, पाहू.

नकाशा घडीवर विरलाय.
मधला एक प्रांतच गेला, नुसती ‘रेन’ एवढी अक्षरं उरलीत.
निळकंठ दोन हजार अकराला गेला, पावसाळ्यानंतर.
त्याचा बोरा, एक कान तुटलेला बुटका लोहार,
त्याला मारायला कोणाची जीभ उचलली नाही,
आणि दुसऱ्यानं खेळायचं तर प्रश्नच नव्हता.
तेव्हा ठरलं : बोरा घडीतल्या प्रांतात गेलाय.
दरवर्षी पहिला फासा त्याच्या नावाचा.
वीस पडले तर परत येईल.

यंदा त्याची पोरगी आली, ईश्वरी.
इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.
बसली, पाणी प्यायली,
फासा हातात घेऊन उजेडाकडे धरला,
एकेक बाजू नखानं मोजत गेली.
‘काका,’ ती म्हणाली,
‘याच्यावर वीस नाहीच. सतरा दोनदा आहे.’

कूलरचा पंप घरघरला.
डेकाटे नकाशाची घडी सरळ करू लागला, जी सरळ होत नाही.
क्लेमेंटनं चष्मा काढला.
ब्याण्णवच्या दिवाळीत मी पण मोजले होते, एकटाच,
आणि फासा गुपचूप डबीत ठेवला होता.
मला वाटायचं, फक्त मलाच माहीत आहे.

इर्शाद म्हणाला, ‘मालूम आहे बेटा.
टाक तू.’

तिनं टाकला.
पितळ फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेलं,
आणि आम्ही चौघं, पन्नाशी ओलांडलेले,
गुडघ्यांवर बसून, टॉर्च शोधत,
कोणीच आधी पाहायचं नाही, असं एकमेकांना बजावत.